छेद वेगळे असताना पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज कशी करावी

अडीच किलो गहू आणि सव्वा किलो ज्वारी एकाच पिशवीत घातली, तर वजन किती भरेल? पावणेचार किलो. या उत्तराला कुणाला कागद लागत नाही. पण वहीत २ १/२ + १ १/४ असे लिहून दिले की हात थबकतो. गणित मात्र तेच आहे. अडीचमधला अर्धा म्हणजे दोन पाव, त्यात सव्वामधला एक पाव मिळवला, तीन पाव झाले, म्हणजे पाऊण. दोन आणि एक तीन. तीन आणि पाऊण म्हणजे पावणेचार. अर्ध्याचे दोन पाव केले तिथेच छेद समान झाले.

आता साडेतीन आणि पावणेदोन मिळवा. अर्धा आणि पाऊण मिळून सव्वा होतो. त्या सव्वातला एक पूर्ण बाजूला काढला, पाव उरला. तीन, एक आणि हा नवा एक, असे पाच. उत्तर सव्वापाच. पूर्णांकयुक्त अपूर्णांकांच्या बेरजेत जे जे करावे लागते ते सगळे या दोन तोंडी हिशोबांत येऊन गेले: तुकडे एकाच मापाचे करणे, तुकड्यांत तुकडे आणि पूर्णांत पूर्ण मिळवणे, आणि तुकडे एकाहून जास्त झाले तर त्यांतला पूर्ण वेगळा काढणे. पाव, अर्धा, पाऊण यांच्या पलीकडे गेले, म्हणजे तृतीयांश, षष्ठांश, अष्टमांश आले, की भाषा मदतीला येत नाही, आणि मग रीत कागदावर मांडावी लागते. ती खाली दिली आहे.

मांडणी आणि वाचन

३/४ मध्ये खालचा ४ हा छेद आणि वरचा ३ हा अंश. एका पूर्णाचे किती सारखे भाग केले ते छेद सांगतो, त्यांपैकी किती घेतले ते अंश सांगतो. छेद मोठा असेल तर तो छेदाधिक अपूर्णांक, जसे ३/४. अंश मोठा असेल तर अंशाधिक अपूर्णांक, जसे ११/४. आणि पूर्णांक व छेदाधिक अपूर्णांक एकत्र लिहिले की पूर्णांकयुक्त अपूर्णांक, जसे २ ३/४. हा 'दोन पूर्णांक तीन चतुर्थांश' असा वाचायचा. रोजच्या बोलण्यात आपण त्याला पावणेतीन म्हणतो.

२ आणि ३/४ यांच्या मध्ये न लिहिलेले अधिकचे चिन्ह आहे, हे पक्के ध्यानात ठेवा. बीजगणितात दोन अक्षरे शेजारी आली की गुणाकार समजतात, त्यामुळे सहावी-सातवीपासून पुढे मुले इथेही गुणाकार करू लागतात. २ ३/४ म्हणजे २ + ३/४.

लिहिताना पूर्णांक मोठा काढावा आणि अपूर्णांकाची आडवी रेघ त्याच्या मध्यावर यावी. मोबाइलवर टाइप करताना पूर्णांकानंतर एक जागा सोडायलाच हवी. ती राहिली तर २ ३/४ चे २३/४ होतात, म्हणजे पावणेतीनचे थेट पावणेसहा.

छेद म्हणजे तुकड्याचे नाव

दोन आंबे आणि तीन आंबे मिळून पाच आंबे. दोन पाव आणि एक पाव मिळून तीन पाव. दोन सप्तमांश आणि तीन सप्तमांश मिळून पाच सप्तमांश. मोजणी अंशाची होते, नाव छेदाचे राहते. म्हणून समच्छेद अपूर्णांकांच्या बेरजेत छेद तसाच ठेवतात. तो तुकड्याचे नाव आहे, मोजायची वस्तू नाही.

एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळून 'दोन' म्हणता येत नाही, कारण दोन काय, हा प्रश्न उरतो. २ रुपये आणि ५० पैसे मिळून ५२ होत नाहीत, तसेच हे. रुपयाचे पैसे केले की २०० आणि ५० मिळून २५० पैसे होतात. अपूर्णांकांतही दोघांना एकाच नावाच्या तुकड्यांत आणावे लागते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर चौकटीची वही घ्या. ४ चौकोन रुंद आणि ३ चौकोन उंच असा आयत आखा. त्यात १२ चौकोन येतात. एक आडवी ओळ म्हणजे आयताचा १/३, आणि तिच्यात ४ चौकोन आहेत. एक उभी ओळ म्हणजे आयताचा १/४, आणि तिच्यात ३ चौकोन आहेत. तेव्हा १/३ = ४/१२, १/४ = ३/१२ आणि बेरीज ७/१२. इथे एक खबरदारी घ्या: दोन ओळी एकाच आयतात रंगवू नका. आडवी आणि उभी ओळ एका चौकोनात एकमेकींना छेदतात, तो चौकोन एकदाच मोजला जातो आणि ७ ऐवजी ६ येतात. शेजारी शेजारी दोन सारखे आयत आखून एकात आडवी ओळ रंगवा, दुसऱ्यात उभी.

समान छेद कसा शोधायचा

दोन्ही छेदांनी ज्या संख्येला पूर्ण भाग जातो अशी कोणतीही संख्या चालते. त्यातली सर्वांत लहान, म्हणजे लसावि, घेतली की पुढचे आकडे लहान राहतात. तो शोधायची सर्वांत सोपी रीत म्हणजे मोठ्या छेदाचा पाढा म्हणत जाणे आणि प्रत्येक टप्प्यावर लहान छेदाने भाग जातो का ते पाहणे. छेद ६ आणि ८ असतील तर आठाचा पाढा म्हणा: ८ ला ६ ने भाग जात नाही, १६ ला जात नाही, २४ ला जातो. लसावि २४. नवशिक्या मुलाला ६ × ८ = ४८ घेऊ दिले तरी उत्तर बरोबरच येते, फक्त शेवटी संक्षेप, म्हणजे अंश आणि छेद एकाच संख्येने भागून लहान करणे, जास्त करावा लागतो. तिथे 'चूक' म्हणून फुली मारू नये.

लहान छेदाने मोठ्या छेदाला भाग जात असेल, जसे ४ आणि ८, तर मोठा छेद हाच लसावि. दोघांत १ सोडून सामाईक विभाजक नसेल, जसे ३ आणि ४ किंवा ५ आणि ८, तर गुणाकार हाच लसावि. या दोन गोष्टी आधी तपासल्या की बरीच उदाहरणे तोंडी सुटतात.

छेद मोठे असतील, समजा १२ आणि १८, तर आणखी एक सुटसुटीत रीत आहे. दोन्ही छेदांना त्यांच्या मसाविने, म्हणजे दोघांनाही पूर्ण भागणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येने, भागा. मसावि ६, म्हणून १२ चे २ झाले आणि १८ चे ३ झाले. आता अदलाबदल करा: १२ छेद असलेल्या अपूर्णांकाच्या अंशाला आणि छेदाला ३ ने गुणा, १८ छेद असलेल्याला २ ने गुणा. दोघांचा छेद ३६ होतो आणि लसावि वेगळा काढावाच लागत नाही. ही युक्ती नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त समच्छेद करण्याचे दोन मार्ग दिले आहेत: एकमेकांच्या हराने, म्हणजे छेदाने, अंश आणि हर गुणणे, किंवा हर आधी सामाईक विभाजकाने लहान करून घेऊन मग त्यांनी गुणणे. दुसरा मार्ग सांगताना त्यांनी तो बुद्धिमानाने वापरावा असे म्हटले आहे. हल्ली 'तिरका गुणाकार' म्हणून जी झटपट रीत शिकवली जाते ती यातली पहिली. दोन लहान छेदांपुरती ती ठीक आहे. तीन अपूर्णांक आले की तिच्यात गोंधळ होतो, म्हणून लसाविची सवय आधी लावावी.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

२ ३/४ + १ ५/६ घेऊ.

आधी अंदाज. २ ३/४ म्हणजे तिनाच्या जरा अलीकडे, १ ५/६ म्हणजे दोनाच्या जरा अलीकडे. बेरीज पाचाच्या थोडी आत यायला हवी. हा अंदाज कोपऱ्यात लिहून ठेवा, शेवटी कामाला येतो.

पहिली पायरी, समान छेद. सहाचा पाढा: ६ ला ४ ने भाग जात नाही, १२ ला जातो. समान छेद १२.

दुसरी पायरी, सममूल्य अपूर्णांक. ४ चे १२ करायला ३ ने गुणले, म्हणून अंश ३ लाही ३ ने गुणायचे: ३/४ = ९/१२. ६ चे १२ करायला २ ने गुणले, म्हणून ५ लाही २ ने: ५/६ = १०/१२. पूर्णांकांना इथे हात लावायचा नाही. २ आणि १ जसेच्या तसे राहतात. आता उदाहरण असे दिसते: २ ९/१२ + १ १०/१२.

तिसरी पायरी, बेरीज. पूर्णांक २ + १ = ३. अंश ९ + १० = १९. म्हणजे ३ पूर्ण आणि १९/१२.

चौथी पायरी, हातचा. १९ बारांशांत १२ बारांश मिळून एक पूर्ण होतो, उरतात ७ बारांश. तो एक पूर्ण तिनात मिळवला: ४ ७/१२.

पाचवी पायरी, संक्षेप. ७ आणि १२ यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही, म्हणजे उत्तर अतिसंक्षिप्त रूपातच आहे.

उत्तर ४ ७/१२. पाचाच्या थोडे आत, अंदाजाशी जुळते.

याच उदाहरणाचा एक सुंदर पडताळा 'पावणे' या शब्दात दडलेला आहे. पावणेतीन म्हणजे तिनाला पाव उणे. तसेच १ ५/६ म्हणजे दोनाला एक षष्ठांश उणे. तीन आणि दोन पाच, त्यातून उणीव वजा करायची: १/४ + १/६ = ३/१२ + २/१२ = ५/१२. पाचाला ५/१२ उणे म्हणजे ४ ७/१२. अपूर्णांक एकाच्या जवळचे असतील तेव्हा ही वाट मूळ रीतीपेक्षाही लवकर पोहोचवते, कारण १/४ आणि १/६ हे ३/४ आणि ५/६ यांच्यापेक्षा हाताळायला हलके.

तीन संख्या असतील तर

१ ३/४ + २ ५/६ + ४ ७/८. सर्वांत मोठा छेद ८. ४ आणि ६ दोघांनीही भाग जाईपर्यंत आठाचा पाढा म्हणत राहा: ८, १६, २४. अपूर्णांक झाले १८/२४, २०/२४, २१/२४. अंशांची बेरीज ५९. पूर्णांकांची बेरीज ७. आता ५९/२४ मध्ये २४ दोनदा जातात, ४८ गेले, ११ उरले. हातचा इथे २ आहे, १ नाही. उत्तर ९ ११/२४. दोन छेदाधिक अपूर्णांकांच्या बेरजेत हातचा कधीच १ पेक्षा जास्त येत नाही, त्यामुळे 'हातचा म्हणजे एक' अशी सवय हाताला लागते आणि तिसरा अपूर्णांक आला की तीच नडते.

अंशाधिक करून बेरीज

शाळेत बहुधा दुसरी रीत आधी शिकवतात: दोन्ही संख्या अंशाधिक करायच्या. २ ३/४ साठी पूर्णांक गुणिले छेद, अधिक अंश: २ × ४ + ३ = ११, म्हणून ११/४. १ ५/६ साठी १ × ६ + ५ = ११, म्हणून ११/६. समच्छेद केले: ३३/१२ + २२/१२ = ५५/१२. भागाकार केला: १२ चोक ४८, बाकी ७. उत्तर तेच, ४ ७/१२.

ही रीत चुकीची नाही आणि गुणाकार-भागाकारासाठी ती लागतेच, म्हणून ती यायला हवी. पण बेरजेसाठी पूर्णांक आणि अपूर्णांक वेगळे ठेवणे जास्त बरे. ४८ २/५ + ३७ ७/१० करून पाहा. वेगळे ठेवले तर ४८ + ३७ = ८५, ४/१० + ७/१० = ११/१०, उत्तर ८६ १/१०. अंशाधिक केले तर २४२/५ + ३७७/१०, मग ४८४/१० + ३७७/१० = ८६१/१०, मग पुन्हा भागाकार. उत्तर एकच, पण मोठे गुणाकार, मोठी बेरीज आणि भागाकार वाढले. प्रत्येक जादा पायरी म्हणजे चूक व्हायची एक जादा जागा. स्पर्धा परीक्षेत वेळही जातो.

सूत, गुंठे आणि आणे

समान छेदाची ही कल्पना कामाच्या जागी लोकांनी कधीच पक्की करून ठेवली आहे. सुताराची इंची टेप जवळून पाहा. दोन इंचांमधली सर्वांत लांब रेघ अर्ध्याची, त्याहून आखूड पावाची, त्याहून आखूड अष्टमांशाची, आणि सर्वांत बारीक रेघ बहुतेक टेपवर सोळांशाची. अष्टमांश इंचाला सुतार आणि फॅब्रिकेशनवाले 'सूत' म्हणतात. एक इंच म्हणजे आठ सूत, अर्धा इंच चार सूत, पाऊण इंच सहा सूत. समजा एक फळी ५ ३/८ इंच रुंद आहे आणि तिला ३ ३/४ इंचाची पट्टी जोडायची आहे. सुतार म्हणेल: पाच इंच तीन सूत आणि तीन इंच सहा सूत, म्हणजे आठ इंच नऊ सूत, म्हणजे नऊ इंच एक सूत. वहीत तेच असे लिहायचे: ५ ३/८ + ३ ६/८ = ८ ९/८ = ९ १/८. सूत हा सुताराचा समान छेद. मात्र टेपवर १/३ इंचाची खूण सापडत नाही. ती दोन सुतांच्या पुढे आणि तीन सुतांच्या अलीकडे कुठेतरी येते, कारण ८ ला ३ ने भाग जात नाही.

जमिनीत एक एकर म्हणजे ४० गुंठे. १ ३/८ एकराचा तुकडा आणि २ २/५ एकराचा तुकडा एकत्र केला तर? ८ आणि ५ यांचा लसावि नेमका ४०. ३/८ = १५/४०, २/५ = १६/४०, बेरीज ३ ३१/४०. थेट वाचता येते: ३ एकर ३१ गुंठे. इथे एक चूक सर्रास होते आणि ती महागात पडते. ३ एकर ३१ गुंठे घाईत '३.३१' असे लिहितात, आणि पुढचा माणूस ते दशांश चिन्ह समजून कॅल्क्युलेटरवर घालतो. प्रत्यक्षात ३१/४० म्हणजे ०.७७५, म्हणून क्षेत्र ३.७७५ एकर आहे. फरक जवळपास अर्ध्या एकराचा पडतो. गुंठ्यांचा छेद ४० आहे, १०० नाही.

जुन्या रुपयाचे १६ आणे होते आणि एका आण्याच्या १२ पै. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, तरी वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा सांगताना आणे-पैची भाषा अजून कानावर पडते. तीन भावांत सारखी वाटणी म्हणजे प्रत्येकी पाच आणे चार पै. १६ ला ३ ने भाग जात नाही, पण रुपयाच्या १९२ पै होतात आणि १९२ चे तीन भाग ६४-६४ चे पडतात. तृतीयांश आणि चतुर्थांश दोन्ही बसतील असा छेद हवा असेल तर त्यात ३ चा गुणक असायलाच हवा, हे त्या पैच्या हिशोबात आधीच सांभाळलेले आहे.

कुठे चुकते आणि का

सर्वांत ठळक चूक म्हणजे अंशात अंश, छेदात छेद मिळवणे: १/२ + १/२ = २/४. उलटतपासणी तिथल्या तिथे करता येते. २/४ म्हणजे पुन्हा अर्धाच. दोन अर्ध्या भाकऱ्या एकत्र ठेवल्या आणि अर्धीच भाकरी उरली, असे कसे होईल? मुलाला नियम पुन्हा पाठ करायला लावण्यापेक्षा हा प्रश्न विचारा.

दुसरी चूक फक्त छेद बदलण्याची. ३/४ ला १२ छेदात आणताना ३/१२ लिहिले जाते. समान छेद 'हवा' इतकेच ध्यानात राहिलेले असते, किंमत तीच राहायला हवी हे निसटते. ३/१२ म्हणजे पाव. पाऊणचा पाव झाला हे दाखवले की चूक समजते. या पायरीवर काही दिवस '× ३' हा आकडा वर आणि खाली दोन्हीकडे लिहायची सवय ठेवावी.

तिसरी चूक हातच्याची, आणि तिचे तीन प्रकार आहेत. एकात ३ १९/१२ असेच सोडून देतात. किंमत बरोबर असते, पण उत्तर पूर्ण नसते, कारण पूर्णांकयुक्त अपूर्णांकात अपूर्णांकाचा भाग एकापेक्षा लहान असायला हवा. दुसऱ्यात ३ चे ४ करतात पण १९ तसेच ठेवतात: ४ १९/१२. एक पूर्ण दोनदा मोजला गेला. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे: १९ मधला १ हातचा घेतात आणि ९ ठेवतात, उत्तर ४ ९/१२. दशक-एकक बेरजेत दहा झाले की हातचा जातो, तीच सवय इथे येते. इथे हातचा दहाला जात नाही, छेदाला जातो. बारांश असतील तर बाराला, सुते असतील तर आठाला, गुंठे असतील तर चाळिसाला. हातचा घेण्याआधी 'छेद किती?' हे तोंडाने म्हणायला लावले की ही चूक कमी होते.

चौथी चूक अंशाधिक करताना. २ ३/४ साठी २ × ३ + ४ = १० असे करून १०/४ लिहितात, किंवा २ + ३ करून ५/४. अर्थ सांगा: प्रत्येक पूर्णात चार पाव, दोन पूर्णांत आठ पाव, वरचे तीन पाव, एकूण अकरा पाव. मग सूत्र विसरले तरी अडत नाही.

अंशांची बेरीज नेमकी छेदाइतकी झाली तर काहीजण अडखळतात. १ ३/४ + २ २/८ = १ ६/८ + २ २/८ = ३ ८/८. आठ अष्टमांश म्हणजे एक पूर्ण, म्हणून उत्तर ४. '४ ०/८' असे लिहायची गरज नाही.

लसावि घेतला म्हणून उत्तर आपोआप अतिसंक्षिप्त येते, असाही एक समज आहे. १ १/६ + २ ३/१० पाहा. लसावि ३०. ५/३० + ९/३० = १४/३०, आणि १४ व ३० दोघांना २ ने भाग जातो. उत्तर ३ ७/१५. संक्षेपाची पायरी कधीही गाळू नये.

एखाद्या संख्येत पूर्णांक नसेल किंवा अपूर्णांक नसेल तर घाबरायचे कारण नाही. २ ५/६ + ३/८ + ४ मध्ये ३/८ चा पूर्णांक ० धरा, ४ चा अपूर्णांक ० धरा, आणि एकाखाली एक मांडा. पूर्णांकाखाली पूर्णांक, अपूर्णांकाखाली अपूर्णांक. ३/८ चुकून पूर्णांकाच्या रकान्यात गेला की सगळे बिघडते.

कॅल्क्युलेटरवर पडताळा

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ ÷ ४ + १ + ५ ÷ ६ असे घाला. ४.५८३३… येईल. मग ४ + ७ ÷ १२ घाला. तोच आकडा आला तर उत्तर बरोबर. दुकानातला साधा टेबल कॅल्क्युलेटर मात्र जसे दाबाल तसे लगेच करत जातो, आधी भागाकार मग बेरीज हा क्रम पाळत नाही. त्यावर २ + ३ ÷ ४ दाबले तर ५ ला ४ ने भागून १.२५ दाखवतो. तिथे प्रत्येक भागाकार वेगळा करून कागदावर उतरवा, मग बेरीज करा. दशांश उत्तर पडताळ्यासाठीच वापरावे. ४.५८ लिहून मोकळे झाले तर ७/१२ ची अचूक किंमत हरवते.

सरावासाठी

क्रम चढत्या अवघडपणाचा आहे. प्रत्येक उदाहरणाआधी उत्तर कोणत्या दोन पूर्णांकांच्या मध्ये येईल ते लिहा, मगच सोडवा.

१) सव्वातीन + पावणेपाच (तोंडी)
२) २ १/३ + १ १/४
३) ४ ५/६ + २ ४/९
४) ६ ७/१० + ३ ४/१५
५) ३ ५/१२ + १ ३/२०
६) ५ ९/१४ + २ ८/२१
७) २ ५/६ + ३/८ + ४
८) १ १/२ + २ २/३ + ३ ५/८

उत्तरे: १) ८, २) ३ ७/१२, ३) ७ ५/१८, ४) ९ २९/३०, ५) ४ १७/३०, ६) ८ १/४२, ७) ७ ५/२४, ८) ७ १९/२४.

पाचव्यात ४ ३४/६० आले असेल तर फक्त संक्षेप राहिला आहे, बाकी सगळे बरोबर आहे. तिसऱ्यात ६ २३/१८ वर थांबला असाल तर हातचा घ्यायचा आहे, आणि ७ १३/१८ आले असेल तर हातचा अठराऐवजी दहाला घेतला गेला आहे. सहाव्यात छेद २९४ घेतला असेल तर ८ ७/२९४ येईल. त्यातल्या अंशाला आणि छेदाला ७ ने भागले की ८ १/४२ मिळते.